कोर्टाबाहेरचा कोच

दहा राष्ट्रीय विजेतेपदं आणि सलग ८८ विजय, हे सगळं रेकॉर्डबुकात आहेच. पण संध्याकाळी दार उघडून घरात शिरणारा जॉन वूडन कसा होता?

ऑफिसातून घरी आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तुमच्या चेहऱ्यावरून घरच्यांना काय काय कळतं? बॉसशी वाजलंय, अप्रेझल मनासारखं झालेलं नाही, क्लायंटनं प्रेझेंटेशन पार हाणून पाडलंय... बूट काढण्याच्या आवाजावरून आई ओळखते, चहाचा कप आपटण्यावरून बायको ओळखते. नवराही ओळखतो, फक्त जरा उशिरा! आपण लॅपटॉपची बॅग खाली ठेवतो, पण ऑफिस मात्र खांद्यावर तसंच लटकत राहतं.

आता असा एक माणूस डोळ्यांसमोर आणा, ज्याच्या कामाचा निकाल हजारो प्रेक्षकांसमोर लागतो. हरला तर दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, जिंकला तर ‘पुढच्या वेळी काय?’ असं विचारतात. कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा कोच! अमेरिकेत हे काम म्हणजे साधीसुधी मास्तरकी नाही. तिथे कॉलेज बास्केटबॉलचं वेड आपल्या क्रिकेटवेडाच्या तोडीचं. आज तिथल्या नामवंत कोचना वर्षाला लाखो डॉलर मिळतात आणि एखादा सीझन फसला की नारळही मिळतो.

याच धंद्यात दहा राष्ट्रीय विजेतेपदं जिंकलेल्या माणसाचा घरातला नियम अगदी साधा होता. मॅच संपवून आपण घरात शिरलो की जिंकलो की हरलो, हे बायको-मुलांना आपल्या चेहऱ्यावरून कळता कामा नये. नाव, जॉन वूडन. मुक्काम, लॉस एंजेलिस. नोकरी, तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात म्हणजे यूसीएलएमध्ये बास्केटबॉल कोच, १९४८ ते १९७५.

त्यांच्या कोर्टावरच्या पराक्रमांवर भरपूर लिहून झालंय. १९६४ ते १९७५ या बारा सीझन्समध्ये दहा राष्ट्रीय विजेतेपदं, त्यातली १९६७ ते १९७३ अशी सात सलग. १९७१ ते १९७४ या काळात ओळीनं ८८ मॅचेस जिंकण्याचा विक्रम. खेळाडू म्हणून आणि कोच म्हणूनही ‘बास्केटबॉल हॉल ऑफ फेम’मध्ये जागा मिळवणारा पहिला माणूस. हा झाला बायोडेटा. पण आपल्याला जायचंय ते कोर्टाच्या रेषेपलीकडे, त्यांच्या घरात.

मोज्यांचा बॉल आणि बॅण्डमधली मुलगी

वूडन यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१०चा, अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या हॉल नावाच्या खेड्यातला. घर शेतावर. वीज नाही, नळ नाही. आईनं जुन्या काळ्या मोज्यांमध्ये चिंध्या कोंबून शिवून दिलेला बॉल आणि कोठारात ठोकलेली टोमॅटोची बुडफुटकी टोपली, हे या महान कोचचं पहिलं कोर्ट! वडील रात्री कंदिलाच्या उजेडात मुलांना बायबल आणि कविता वाचून दाखवायचे. पुढे डुकरांना टोचलेली लस खराब निघाली, जनावरं मेली आणि शेतच गेलं. कुटुंब मार्टिन्सव्हिल या गावात आलं. वडिलांनी तिथे नोकरी धरली, पण नशिबाला किंवा लस विकणाऱ्याला कधी शिव्या घातल्या नाहीत. मुलानं हे बघून ठेवलं. घरात तक्रार आणायची नाही, हा धडा तिथला.

शाळा संपवताना वडिलांनी त्याच्या हातात दोन डॉलरची नोट आणि स्वतः लिहिलेलं एक कार्ड ठेवलं. कार्डावर जगण्याचे सात साधे नियम. नोट खिशात राहिली, कार्ड डोक्यात. तेव्हा ना मोटिव्हेशनल स्पीकर होते, ना वीकेण्ड वर्कशॉप. बापाचं अक्षर हाच काय तो सेमिनार!

आता लव्हस्टोरी. तिच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही.

मार्टिन्सव्हिलच्या शाळेत नेल रायली नावाची चुणचुणीत मुलगी होती. एकदा ती मैत्रिणींबरोबर गाडीनं वूडन कुटुंब राहत होतं त्या शेताकडे गेली. जॉन शेत नांगरत होता. धुळीनं माखलेला, घामेजलेला. पोरींनी हाका मारल्या, यानं ढुंकूनही बघितलं नाही. पुढे शाळेत तिनं जाब विचारला. तो म्हणाला, मला वाटलं तुम्ही सगळ्या मला हसाल. त्यावर तिनं सांगितलं की, मी तुला कधीच हसणार नाही. बस्स, तिथेच मॅच फिक्स झाली!

नेल शाळेच्या बॅण्डमध्ये कॉर्नेट वाजवायची. ट्रम्पेटचं धाकटं भावंडं म्हणावं असं ते वाद्य. मॅच सुरू होण्याआधी कोर्टावरून जॉन तिला शोधायचा, ती अंगठा आणि बोट जुळवून ‘ओके’ची खूण करायची आणि तोही उलट तीच खूण करायचा. शाळेत सुरू झालेला हा प्रकार त्यानं कोच म्हणून शेवटची मॅच खेळवेपर्यंत चालू ठेवला. मोजे वर ओढायचे, प्रोग्रॅमची पुंगळी हातात घट्ट धरायची, वळून प्रेक्षकांत नेलला शोधायचं, खूण करायची, की मग शिट्टी. टीव्हीवर दिसणारा तो शिस्तीचा, ताठ कोच दर मॅचआधी बायकोच्या परवानगीनंच खेळ सुरू करत होता म्हणा ना.

बँक बुडाली, लग्न झालं

जॉन पर्ड्यू विद्यापीठात शिकला. विषय इंग्रजी, बास्केटबॉलमध्ये देशपातळीवरचा स्टार. १९३२च्या उन्हाळ्यात लग्न ठरलं. ते मंदीचे दिवस होते. लग्नाच्या दोन दिवस आधी बँक बंद पडली आणि पठ्ठ्याची साठवलेली सगळी पुंजी, ९०९ डॉलर आणि ५ सेंट, बुडाली. ओळखीच्या एका गृहस्थांनी उसने पैसे दिले आणि ८ ऑगस्ट १९३२ रोजी इंडियानापोलिसमध्ये लग्न लागलं. त्याच संध्याकाळी दोघं मिल्स ब्रदर्स या गाजलेल्या गायकांच्या कार्यक्रमाला गेले. आज डेस्टिनेशन वेडिंगचं बजेट बघून ज्यांना घाम फुटतो, त्यांनी हा पॅकेज टूर लक्षात ठेवायला हरकत नाही.

नंतरची काही वर्षं शाळामास्तरकीची. इंग्रजी शिकवायचं आणि संध्याकाळी पोरांना खेळवायचं. ‘माझ्या मुलाला कमी मार्क का?’ म्हणून भांडायला येणारे पालक तिथेही होते बरं का! त्या तक्रारी ऐकूनच १९३४च्या सुमारास वूडन यांनी यश म्हणजे नक्की काय, याचा विचार सुरू केला. आपल्याला जमेल तेवढं चांगलं होण्यासाठी खरोखर झटलो, हे मनाला ठाऊक असणं, हीच त्यांची व्याख्या. त्यातून त्यांनी गुणांचा एक पिरॅमिड रचला. तो पूर्ण व्हायला १९४८ साल उजाडलं. आज मॅनेजमेंटच्या कितीतरी कोर्सेसमध्ये तो पिरॅमिड शिकवला जातो. पण त्याचा जन्म झाला तो पालक-शिक्षक भांडणातून.

सकाळी दूध, दुपारी बॉल

१९४८ साली वूडन दोन मुलांसह लॉस एंजेलिसला आले, तेही खरं म्हणजे अपघातानं. त्यांना मिनेसोटा विद्यापीठात जायचं होतं. पण तिथे बर्फाचं वादळ झालं, टेलिफोनच्या तारा तुटल्या आणि ठरलेल्या वेळी फोन आलाच नाही. तेवढ्यात यूसीएलएचा फोन आला. वूडन यांनी हो म्हटलं. थोड्या वेळानं मिनेसोटाचाही फोन लागला, पण शब्द देऊन झाला होता!

नव्या नोकरीचा थाट काय वर्णावा? जुनाट जिम, वारा खेळायला जागा नाही. पोरांनी त्या जागेला घामाच्या वासावरूनच नाव ठेवलेलं. प्रॅक्टिसआधी कोच स्वतः फरशी झाडून पुसून घ्यायचे. पगार एवढा बेताचा की सुरुवातीच्या वर्षांत ते पहाटे उठून एका डेअरीत दुधाच्या गाड्या मार्गी लावायचं काम करायचे आणि मग दुपारी कॉलेजात हजर. दोन वर्षांनी त्यांच्याच पर्ड्यू विद्यापीठानं परत बोलावलं. मन तिकडे ओढत होतं. पण यूसीएलएशी तीन वर्षांचा करार हवा, असा आग्रह त्यांनी स्वतःच धरला होता. मग काय, राहिले.

आणि पहिलं राष्ट्रीय विजेतेपद कधी? १९६४ साली. म्हणजे आल्यापासून सोळाव्या सीझनला! पंधरा सीझन हा माणूस शांतपणे काम करत होता. आपल्याकडे दोन वर्षांत प्रमोशन नाही मिळालं, की आपण लगेच रेझ्युमे अपडेट करायला बसतो.

नंतर जिंकण्याचा सपाटाच लागला, पण राहणीमान तेच. त्यांचा वार्षिक पगार ३५ हजार डॉलरच्या वर कधीच गेला नाही. एनबीएतल्या लेकर्सच्या मालकांनी कितीतरी पट पैसे देऊ केले होते, तेही नाकारले.

या सगळ्यात घरासाठी वेळ कुठून यायचा? याचं उत्तर मोठं मजेशीर आहे. वूडन दोन तासांच्या प्रॅक्टिसची आखणी करायला सकाळी जवळजवळ दोन तास बसायचे. कुठल्या मिनिटाला काय, कोणाच्या हातात कुठला बॉल, सगळं छोट्या कार्डांवर लिहिलेलं. त्यामुळे प्रॅक्टिस वेळेवर सुरू व्हायची आणि वेळेवरच संपायची. ‘अजून दहा मिनिटं’ हा प्रकार नाही. नवी पोरं शोधायला देशभर फिरणं, हा कोचच्या नोकरीचा मोठा भाग. वूडन यांना तेच सगळ्यात नावडतं, कारण त्यासाठी रात्री घराबाहेर राहावं लागायचं. उशिरापर्यंत ऑफिसात बसणं म्हणजे निष्ठा, असा समज असलेल्या तमाम बॉस लोकांनी इथे थांबून हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

चेहऱ्याचा हिशेब

पण थांबा. हा सगळा मामला इतका गोडगोड नव्हता. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, म्हणजे ते कुठेतरी साठतंच ना?

डिसेंबर १९७२मध्ये वूडन यांना हार्ट अटॅक आला. तेव्हा त्यांची टीम सलग जिंकत होती आणि जिंकणं हीच आता बातमी राहिली नव्हती. हरणं ही बातमी होती. नेलला हे सगळं घरातून दिसत होतं. नवऱ्यानं चेहरा कितीही कोरा ठेवला, तरी चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला चेहरा वाचायची गरजच कुठे उरते?

मार्च १९७५मध्ये राष्ट्रीय स्पर्धेची सेमीफायनल जिंकल्यावर वूडन यांनी ड्रेसिंग रूममध्ये पोरांना सांगून टाकलं की, पुढची मॅच आपली शेवटची. वय ६४. दोन दिवसांनी, ३१ मार्चला, केंटकीविरुद्धची फायनल ९२-८५ अशी जिंकली. दहावं विजेतेपद! आणि अभिनंदन करायला आलेला यूसीएलएचा एक चाहता काय म्हणाला माहितेय? झकास जिंकलात कोच, गेल्या वर्षी आम्हाला निराश केलंत त्याची भरपाई झाली! वूडन हा किस्सा पुढे अनेकदा सांगायचे. दहापैकी दहा मार्क मिळवणाऱ्यालाही ‘गेल्या वर्षी नऊच का?’ विचारणारे असतातच. त्या माणसाला वळून उत्तर देत बसण्यापेक्षा ते घरी गेले.

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांच्या कारकिर्दीच्या यशस्वी वर्षांत सॅम गिल्बर्ट नावाचा एक श्रीमंत बिल्डर यूसीएलएच्या खेळाडूंच्या अवतीभवती असायचा. पोरं त्याला ‘पापा सॅम’ म्हणायची. तो त्यांच्या अडीनडीला पैशांची, वस्तूंची सोय करायचा. तेव्हाच्या नियमांत हे बसत नव्हतं. कॉलेज स्पर्धा चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेनं १९८१ साली यूसीएलएवर कारवाई केली. तोवर वूडन निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि ठपका त्यांच्यावर नव्हता. तरी प्रश्न विचारला गेलाच, कोचना कळलं नसेल? आज चित्र पालटलंय. २०२१पासून कॉलेजचे खेळाडू आपल्या नावावर उघडपणे पैसे कमावू शकतात आणि २०२५पासून तर कॉलेजंही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. पण तो प्रश्न जुना होत नाही. पोरांनी मोजे कसे घालायचे, हे पहिल्या दिवशी स्वतः शिकवणारा कोच. सुरकुती राहिली तर फोड येतो, फोड आला तर खेळ बिघडतो, असं सांगणारा. त्याला त्याच पोरांची संध्याकाळ दिसली नाही? की कोर्टाची रेषा ओलांडायची नाही, हा त्याचा नियम इथे मात्र अंगाशी आला? काम आणि घर यांच्यात भिंत बांधली की घर सुरक्षित राहतं, हे खरं. पण भिंतीपलीकडचं दिसत नाही, हेही तितकंच खरं.

एकवीस तारीख

निवृत्तीनंतरचा काळ खरं तर दोघांचा असायला हवा होता. एन्सिनो या उपनगरातला छोटासा फ्लॅट. भिंतीवर दहा विजेत्या टीम्सचे फोटो, खाली चार, वर तीन, त्यावर दोन आणि एक असे पिरॅमिडसारखे मांडलेले. ही कल्पना नेलची.

१९८२मध्ये नेलच्या खुब्याच्या सांध्याचं ऑपरेशन होतं. ऑपरेशनच्या वेळीच तिला हार्ट अटॅक आला आणि ती कोमात गेली. सुमारे तीन महिने. वूडन रोज तिच्या उशाशी, तिचा हात हातात धरून, तिच्याशी बोलत. अखेर एके दिवशी तिनं त्यांचा हात दाबला. १९८४ साली सिएटलला देशभरच्या कोचेसचा मेळा भरला, तेव्हा वूडन तिला व्हीलचेअरवर घेऊन गेले. पण पुढे तब्येत पुन्हा ढासळली. २१ मार्च १९८५ला नेल गेली. लग्नाला त्रेपन्न वर्षं व्हायला जेमतेम पाच महिने कमी होते.

सलग ८८ मॅचेस जिंकणारा माणूस या एका पराभवानं पार मोडला. फोन घ्यायचा नाही, बाहेर पडायचं नाही. मुलांना आणि जुन्या खेळाडूंना धास्ती वाटू लागली की, बाबा जगायचंच सोडून देतात की काय. ज्या राष्ट्रीय स्पर्धेची ‘फायनल फोर’ त्यांनी दहा वेळा गाजवली होती, तिकडे ते पुढची दहा वर्षं फिरकलेच नाहीत. नेलशिवाय प्रेक्षकांत बघायचं तरी कोणाकडे? १९९५ला सिएटलमध्येच ती स्पर्धा भरली आणि यूसीएलए फायनलला पोचली, तेव्हा कुठे ते गेले. यूसीएलए जिंकली. वूडन यांच्यानंतरचं ते पहिलं विजेतेपद!

आणि एकवीस तारखेचं काय? दर महिन्याच्या २१ तारखेला वूडन टेबलाशी बसायचे आणि नेलला पत्र लिहायचे. या महिन्यात काय झालं, नातवंडं काय म्हणतात, तुझी आठवण कशी येते... मग पत्र पाकिटात घालून तिच्या उशीवर, आधीच्या पत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवायचे. स्वतः पलंगाच्या आपल्याच अर्ध्या भागावर झोपायचे, तेही चादरीवरच. तिची बाजू तशीच. एक महिना नाही, एक वर्ष नाही. नजर अगदी अधू होईपर्यंत, जवळजवळ पंचवीस वर्षं! ब्रेकअपनंतर दुसऱ्या दिवशी फोनमधून फोटो डिलिट करणाऱ्या आपल्या पिढीला हे थोडं फिल्मी वाटेल. पण यात डायलॉग एकही नाही, फक्त एक तारीख पाळलेली आहे.

पोरं परत आली

मग त्यांना सावरलं कोणी? दोघांनी. घरातल्या नव्या बाळांनी आणि जुन्या पोरांनी.

नेल गेली त्याच वर्षी त्यांना पहिली पणती झाली. तिनं आजोबांना पुन्हा बोलतं केलं, असं घरचे सांगत. पुढे पणतवंडांची संख्या तेरावर गेली. ‘फायनल फोर’ चुकली तरी चालेल, पण बारशा-वाढदिवसाला पणजोबा हजर!

आणि जुनी पोरं. करीम अब्दुल-जब्बार यूसीएलएत आला तेव्हा तो ल्यू अल्सिंडर होता, न्यूयॉर्कचा सव्वासात फुटी अबोल मुलगा. कॉलेजात असताना त्यानं इस्लाम स्वीकारला. त्याचा कोच पक्का ख्रिश्चन, खेड्यातून आलेला, वयानं सदतीस वर्षांनी मोठा. दोघांत काही समान असेल तर तो म्हणजे बॉल. पण खरी मैत्री जुळली ती कॉलेज संपल्यावर. दोघांना बेसबॉल आवडायचा, दोघांना पुस्तकं आवडायची. दिवाणखान्यात टीव्हीसमोर बसून गप्पा मारायच्या. जवळजवळ पन्नास वर्षांच्या या नात्यावर करीमनं २०१७ साली पूर्ण पुस्तक लिहिलं. त्याचं नावच ‘कोच वूडन अँड मी’.

दुसरा बिल वॉल्टन. लाल केसांचा, बंडखोर, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मोर्च्यात जाणारा. एकदा लांब केस वाढवून प्रॅक्टिसला आला आणि म्हणाला, माझे केस किती असावेत हे ठरवायचा तुम्हाला अधिकार नाही. वूडन म्हणाले, बरोबर आहे, तो अधिकार मला नाही. टीममध्ये कोण खेळेल एवढंच मी ठरवतो. तुझी आठवण येईल आम्हाला! वॉल्टन सायकलवर टांग मारून सुसाट न्हाव्याकडे गेला. हाच वॉल्टन पुढे अनेक वर्षं कोचना फोन करत राहिला. आपल्या मुलांच्या डब्याच्या पिशव्यांवर वूडन यांची वाक्यं लिहून द्यायचा. कॉलेजात ज्या वाक्यांना तो हसायचा, तीच! वॉल्टन २०२४ साली गेला.

म्हातारपणी वूडन यांचा दिनक्रम ठरलेला होता. सकाळी टारझाना भागातल्या ‘व्हीआयपीज’ नावाच्या साध्याशा कॅफेत नाश्ता. तिथे कोणीही यावं, टेबलाशी बसावं, सही मागावी. पिरॅमिडच्या प्रती सही करून पाठवायच्या, आलेल्या पत्रांना उत्तरं द्यायची. २००३ साली त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ मिळालं. त्याच वर्षी यूसीएलएनं आपल्या कोर्टाला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं. वूडन यांची अट एकच, आधी तिचं नाव. म्हणून आजही पॉली पॅव्हेलियनमधल्या लाकडी फरशीवर लिहिलेलं आहे, ‘नेल अँड जॉन वूडन कोर्ट’. आयुष्यभर कोर्ट घरात येऊ दिलं नाही, शेवटी घरालाच कोर्टावर नेऊन ठेवलं!

४ जून २०१०ला वूडन गेले. शंभरी गाठायला चार महिने बाकी होते. मरणाची भीती वाटत नाही, असं ते म्हणायचे. पलीकडे कोण वाट बघतंय, याची त्यांना खात्री होती.

घरी न्यायचे पाच फंडे

वेळ वाढवू नका, आखणी वाढवा. दोन तासांच्या कामासाठी दोन तासांचा विचार, मग तिसरा तास लागत नाही.

उंबरठ्यावर एक मिनिट थांबा. चेहरा कोरा करण्यासाठी नाही, आत कोण आहे ते आठवण्यासाठी. मनातलं बोलायचं असेल तर जरूर बोला. फक्त भांडी आपटून नको!

एक खूण ठरवा. ‘ओके’ची असो, मिस्ड कॉलची असो. रोजची हवी आणि दोघांनाच कळणारी हवी.

भिंतीला खिडकी ठेवा. आपल्या हाताखालची माणसं सहानंतर कुठे जातात, कशात अडकतात, हे विचारणं म्हणजे नाक खुपसणं नव्हे. वूडन यांना हे जमलं नाही, तुम्हाला जमवता येईल.

पत्र आत्ता लिहा. उशीवर ठेवायची वेळ येण्याआधी, हातात द्या. एकवीस तारीखच हवी असं काही नाही, आजची चालेल.